समुद्रातल्या देवीची ओटी

नवस माझ्यासाठी होता आणि फेडायचा होता माझ्याच मनाविरुद्ध. आदल्या पावसाळ्यात मी तापानं अंथरुणाला खिळलो, तेव्हा दारी आलेल्या एका बैरागिणीच्या सांगण्यावरून वहिनीनं समुद्रातल्या खडकावरच्या देवीला ओटी बोलली. आई गेल्यावर मला मुलासारखं वाढवलं ते वहिनीनंच. तरी तिचा हा नवस मला खुळेपणा वाटे. त्या वर्षी कापसाला कधी नव्हे तो भाव होता. तेल्हाऱ्याहून गाड्या हाकत खानदेशात आगगाडी गाठायची, मुंबईत माल विकायचा, एवढंच माझ्या डोक्यात. मी आणि भाऊ निघालो, तशी वहिनीही हट्टानं सोबत आली. मुंबईत भाऊ म्हणाला, "नवस तुह्यासाठी हाय, तूच घेऊन जाय तिले." तो मालापाशी थांबला आणि आम्ही गलबतानं दक्षिणेकडच्या एका कोळीवाड्यात उतरलो.

देवीचा खडक किनाऱ्यापासून थोडा आत होता. एक म्हातारा नाखवा आपल्या मासेमारीच्या लहान होडीतून न्यायला तयार झाला. कमरेइतक्या पाण्यात तो होडीचं तोंड लाटांकडे धरून उभा राहिला. मोठ्या लाटा फुटून गेल्या, पाणी जरा निवलं, तशी त्यानं होडी ढकलली, आत उडी घेतली आणि वल्ही मारली. होडी उभी झाल्यासारखी वर चढली, धाडकन खाली आपटली. वहिनी ओटी पोटाशी धरून डोळे मिटून बसली होती. खडकावर तिनं देवीची ओटी भरली. मी बाजूला उभा होतो. हातसुद्धा जोडले नाहीत.

परतताना नाखव्यानं बजावलं, "मी सांगन तवाच उतरा. मधी उठू नका." किनारा अगदी जवळ दिसत होता. तेवढ्यात मागून लाटेनं होडी उचलली आणि माझा धीर सुटला. मी उठलो. होडी आडवी फिरली, उलटली. पायाला वाळू लागताच मी किनाऱ्याकडे धावत सुटलो. मागून वहिनीची हाक आली, "भाऊजी!" ती मला स्पष्ट ऐकू आली. मी वळलो नाही.

मग पाठीवर लाट आदळली. मी गुडघ्यांवर पडलो, कुशीवर लोळलो, आणि छातीवर काहीतरी जड येऊन धडकलं. बुडणारा माणूस हाती येईल ते धरतो, तसं मी ते दोन्ही हातांनी कवटाळलं. पाणी ओसरताना मागे ओढत होतं, तरी मिठी सुटली नाही. डोळे उघडले तर मिठीत वहिनी होती.

कोळणी धावत आल्या. "दिरानं जीव धोक्यात घालून वाचवली गो!" एकजण म्हणाली. नाखवा उलटी होडी ओढत येत होता. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"म्या नाही वाचवलं," मी म्हणालो. "मी पळून राहिलो होतो."

वहिनीनं खारं पाणी ओकलं, तोंडातली वाळू पुसली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तुमची पाठ दिसली मले." मग तिनं माझे हात धरले. "पण देवीनं मले तुमच्याच हाती देल्लं न? दुसऱ्याच्या हाती काहून नाही देल्लं?"

मला मान वर करवेना. तिथेच, ओल्या वाळूत, मी समुद्राकडे तोंड करून हात जोडले.

शरण जायला माणूस आधी थोडा तरी चांगला असावा लागतो, असं मला वाटे. मी तर पाठ फिरवून पळत होतो आणि कृपा मागून येऊन मला धडकली. आजही देवापुढे उभा राहिलो की आधी लाज वाटते, मग हात जुळतात. ती लाज जावी, असं मागणं मी कधी मागितलं नाही.