साळुंखेसाहेबांचा ऑर्केस्ट्रा आणि माझी मुलगी

या माणसाने मला कधीही हव्या त्या जागी टाळी वाजवू दिली नाही.

तक्रार गंभीर आहे, म्हणून आधी नोंदवतो.

पहिल्याच कॉन्सर्टला वाजवणारे थांबले, मला वाटलं संपलं, मी टाळी वाजवली. अख्ख्या हॉलने वाजवली. टाळ्यांच्या बाबतीत चंदीगड उदार आहे. सिंफनीचे चार भाग असतात आणि मध्ये गप्प बसायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

साहेब वळले, सगळ्यांकडे बघून हसले, हात जोडले.

आणि इंटरव्हलला नेमकं मला गाठलं.

"पंजाबी मंडळींचं ठीक हाय ओ. तुमी आपलं मराठी, त्यात संस्कृत शिकलेलं, त्यात पत्रकार. जरा दमानं घ्या की!"

सुभेदार मेजर साळुंखे काल गेले. आज दुपारी पोचवून आलो.

मूळचे साताऱ्याकडचे. उभी नोकरी आर्मीच्या बँडमध्ये. शेवटचं पोस्टिंग इकडे, मग मोहालीतच राहिले. रिटायर झाल्यावर लोक बाग करतात, गुडघे करून घेतात. यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला.

रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. व्हायोलिनला मोहालीच्या आयटीतली मुलंमुली. ट्रंपेटला साहेबांचेच जुने फौजी. चेलोवर बेदीजी, डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात केमिस्ट. आठवडाभर मास्क लावून असतात, रविवारी दाढी मोकळी.

एकदा मुल्लानपूरला वाजवलं. एका बाजूला अर्धवट टॉवर, दुसऱ्या बाजूला गहू. गावातले बुजुर्ग आपापल्या चारपाया घेऊन आले. कार्यक्रम संपल्यावर एकाने उठून विचारलं, "फौजी साब, फिर कब आओगे?"

इतकी वर्षं बातम्या लिहितोय. 'फिर कब लिखोगे' असं मला कोणीही विचारलेलं नाही.

मत्सर हा षड्रिपूंतला शेवटचा. बाकीचे पाच वयोमानानुसार थकले. हा एक साळुंख्यांनी ठणठणीत ठेवला.

आता खरं दुखणं.

माझी मुलगी मुक्ता. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. मी काय काय केलं नाही? मराठीत गोष्टी सांगितल्या. पुस्तकं आणली. शेवटी मूळ गाठावं म्हणून 'देवः देवौ देवाः' सुरू केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"पापा, आप थक जाओगे यार."

ती ऑर्केस्ट्रात व्हायोलिनला गेली, तेव्हा मी ड्रायव्हर म्हणून गेलो. मागच्या रांगेत पेपर उघडून बसायचो.

साहेबांचं इंग्रजी बेताचं, हिंदी फौजी. पण हातात ती बॅटनची काठी आली की तोंडातून निव्वळ मराठी. "उचला." "दमानं." "आता समदी." कोणी घाई केली तर, "कुठं निघालास एकटाच म्होरं? ह्यास्नी संगं घे की."

आणि अख्खा पंजाब बिनबोभाट त्यावर चालायचा. बेदीजी तर घरीही वापरायचे. "भाईसाहब, बीवी गुस्से में हो तो मैं कहता हूँ, दमानं जी, दमानं. असर होता है."

एका रविवारी ब्रेकमध्ये कानावर आलं.

"आजोबा, हे मला न्हाई जमत."

"का न्हाई जमत? बोटं हायती नव्हं?"

"हायती, पण ऐकत न्हाईत."

मी पेपर खाली केला. माझी मुलगी. मराठीत. तेही साताऱ्याच्या!

गाडीत विचारलं, "तुला इतकं मराठी येतं?"

"हाँ, आता है ना."

"मग माझ्याशी?"

ती खरंच विचारात पडली. "आपसे क्या बोलूँ? वहाँ तो उससे काम होता है ना, पापा. आजोबा 'उचला' बोलते हैं, और सब एक साथ शुरू हो जाते हैं."

मी हॉर्न वाजवला.

आज खांदा द्यायला गर्दी. साताऱ्याहून आलेला मुलगा, दोन पुतणे, ट्रंपेटवाले, बेदीजी, मी. प्रत्येकाने आपापल्या वेळेला उचललं. तिरडी एका बाजूला कलली. कोणी हिंदीत ओरडतंय, कोणी पंजाबीत.

मागून आवाज आला.

"थांबा! खाली ठेवा आधी."

मुक्ता. गेटपाशी बायकांमध्ये उभी होती.

"आता समदी मिळून. हां. उचला."

सगळ्यांनी एकदम उचललं. मीही. इतकं सरळ, की खांद्यावर वजनच जाणवेना. बेदीजी रडत होते, पण पाऊल चुकलं नाही.

खरं सांगतो, तिथेही हेवा वाटला. आवाज तिचा होता. ढब पूर्ण त्यांची.

येताना गाडीत म्हणालो, "चांगलं केलंस गं."

"हम्म," खिडकीबाहेर बघत.

घरी आल्यावर तिने व्हायोलिनची केस कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "पापा, खाना खा लो."

ऑर्केस्ट्राचं होईल काहीतरी. कोणी नवा येईल, इंग्रजीत मोजेल, लोक वाजवतील. मुल्लानपूरच्या चारपाया परत निघतील. त्याची चिंता नाही.

साहेब, सुखरूप जा. तुमचा हेवा मी अगदी मनापासून केला. तेवढीच माझी श्रद्धांजली समजा.

काळजी दुसरीच आहे. तिचं मराठी तुमच्याबरोबरच्या कामासाठी होतं. ते काम आज झालं.

आणि तिने नि मी मिळून करायचं असं एकही काम, संध्याकाळपासून शोधतोय, मला आठवत नाही.