ट्रंकवरची चूक आणि वेई श्यूचिनताई

आमच्या सिंचूच्या कारखान्यात माणूस गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीवरून ओळखतात. निळी दोरी कायम नोकरीवाल्यांची, नारिंगी कंत्राटींची. वेई श्यूचिनताईच्या गळ्यात बारा वर्षं नारिंगीच होती, आणि अख्खं नेटवर्क तीच सांभाळत होती. दोरी निळी व्हावी, एवढाच तिचा ध्यास. आमचे विभागप्रमुख योसाहेब दर वर्षी म्हणायचे, "यंदा नक्की." बोलाचीच कढी.

नव्या माणसाला ती कॅन्टीनच्या ढकलगाडीवरून शिकवायची. "सगळ्या खात्यांचे डबे एकाच गाडीतून येतात ना? प्रत्येकावर खात्याचा आकडा चिकटवलेला असतो. स्विच म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जिथे जोडतात ती पेटी, आणि दोन स्विचमधली ट्रंक म्हणजे ती गाडी. टेबलाजवळचं अ‍ॅक्सेस पोर्ट एकाच खात्याचं, तिथे चिठ्ठी काढून नुसता डबा हातात देतात. तार एकच, पण कुणाचं कुणाला मिळत नाही. याला व्हीलॅन म्हणतात. आणि गाडीवाल्याच्या यादीत नसलेला आकडा गाडीत चढत नाही, हे विसरू नकोस."

शरदात वरून हुकूम आला: कंत्राटी माणसांचे संगणक वेगळे काढा, त्यांना चाळीस आकडा द्या. म्हणजे स्वतःच्या वेगळ्या पंगतीची पानं ताईनंच मांडायची. तिनं मुकाट्यानं मांडली, स्वतःच्या टेबलाचं पोर्टसुद्धा चाळीसमध्ये टाकलं. फक्त ट्रंक राहिली होती. ती जेवायला गेली तेवढ्यात योसाहेबांना बैठकीत काम झालं म्हणून सांगायची घाई झाली. ट्रंकच्या जुन्या यादीत चाळीसची भर घालायची, तर त्यांनी नुसता चाळीसच लिहिला. जुनी यादी पुसली गेली आणि यंत्रांच्या रांगा जागच्या जागी थांबल्या.

ताईनं धावत येऊन जुने आकडे परत घातले. योसाहेब तिच्या कानाशी लागले. "श्यूचिन, तुझ्या हातून झालं म्हणून सांग. माझी खुर्ची टिकली तरच तुझी दोरी बदलेल ना."

"ताई, यात पडू नकोस," मी म्हटलं.

"तुझ्या गळ्यात निळी आहे. तुला बोलायला काय जातंय?"

मला राग आला. तिचा नाही, तिचं खरं होतं याचा.

बैठकीत ती मान खाली घालून म्हणाली, "चूक माझी." आमच्याकडे स्विचनं गुणी लेकरासारखं वागावं म्हणून त्याच्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवतात. ती शिळी झाली की बदलायची, खायची मात्र नाही. योसाहेबांनी पुडी उलटीपालटी करून पाहिली. "तारीखही उलटून गेलीय. इथंही लक्ष नाही तुझं." सगळे हसले. कारण सापडल्याचं समाधान होतं ते.

वर्षअखेरीला तिचं कंत्राट संपलं, नवं झालं नाही. ती योसाहेबांना विचारायला गेली तेव्हा हा माणूस पापणी न हलवता म्हणाला, "एवढी चूक नावावर असताना कोणत्या तोंडानं शिफारस करू?"

शेवटच्या दिवशी तिनं स्विचवरची नवी पुडी उचलली आणि फाडली.

"ताई, ती खात नाहीत."

"बारा वर्षं मी गुणी लेकरासारखी वागले," ती म्हणाली आणि माझ्या हातावर मूठभर खाऊ ठेवला. "घे, आता तू खा."

आम्ही उभ्याउभ्या चावत राहिलो. स्विचवरचे दिवे नेहमीसारखेच लुकलुकत होते. त्यातला एक तरी विझावा, असं मला फार वाटलं. एकही विझला नाही.