आमेननंतरची शांतता

लिहिण्याचा अधिकार मला नाही. निवृत्तीनंतर लेखणी हाती धरलेल्या माणसाचे हे धाडस वाचकांनी पोटात घालावे.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या प्रथेप्रमाणे गेल्या रविवारी उपासनेनंतर मी अंथरुणाला खिळलेल्या सुमनबाईंच्या भेटीला गेलो. काही सांगण्यासाठी त्यांनी गोधडीवरचा हात किंचित उचलला; पण शब्द लवकर येईनात. ती शांतता मला अवघड वाटली. मी घाईने म्हणालो, "चला, प्रार्थना करू या." त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी मी प्रभू येशूकडे सुरेख शब्दांत मागणे केले आणि आमेन म्हणून चपला शोधू लागलो.

"भाऊ, प्रभूला सगळं सांगितलंत हो," त्या हसून म्हणाल्या, "पण मला काय होतंय, ते विचारलंच नाहीत की!"

मी ओशाळून परत बसलो. त्यांचा हात मात्र आता गोधडीखाली गेला होता. "राहू दे आता," एवढेच त्या म्हणाल्या.

तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चाळीस वर्षे मी प्रभूपुढेही असाच बोलत आलो आणि आमेन म्हणून उठत आलो. त्यानेही कधी काही सांगू पाहिले असेल आणि मग राहू दिले असेल, या विचाराने जीव घाबरा होतो. हल्ली पहाटे आमेननंतर मी बायबलमधले शुभवर्तमान मांडीवर उघडे ठेवून बसून राहतो. माझ्याच श्वासाखेरीज काही ऐकू येत नाही. ऐकायला शिकण्याचे वय बहुधा निघून गेले.

आमेन म्हटल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?