विचारभोज आणि पाचोडचा बाजार

आमच्या कॉलेजात मूल्यांकन समिती येणार असं कळलं आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांना सर्जनशील अध्यापनाचा साक्षात्कार झाला. परिपत्रक निघालं. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सर्व प्राध्यापकांनी डबे घेऊन ग्रंथालयात जमावं आणि शिकवण्याच्या नव्या कल्पना एकमेकांना सांगाव्यात. उपक्रमाचं नाव 'विचारभोज'. डबा स्वतःचा, विचार संस्थेचे.

पहिल्या बुधवारी आधी सह्या झाल्या, मग फोटो. फोटोत डबे दिसता कामा नयेत, अशी प्राचार्यांची सूचना होती. आम्ही डबे टेबलाखाली मांडीवर धरून कोऱ्या फळ्याकडे गंभीरपणे पाहत बसलो. त्यानंतर वाणिज्यच्या सरांनी 'उलटा वर्ग' समजावून सांगितला. मुलांनी घरी शिकायचं आणि वर्गात येऊन आपल्याला सांगायचं.

"मग आपण काय करायचं?" रसायनशास्त्राच्या मॅडमनी विचारलं.

"मार्गदर्शन," सर म्हणाले आणि मॅडमच्या डब्यातलं भरलं वांगं उचललं.

पुढच्या तीन बुधवारी तोच उलटा वर्ग तीन वेगवेगळ्या नावांनी आला. पाचव्या बुधवारी माझी पाळी होती, हे मी साफ विसरलो होतो. एकोणीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय, पण टिपणं पहिल्याच वर्षाची. प्राचार्य माझ्याकडे बघत होते. तोंडातला भाकरीचा घास कसाबसा गिळून मी म्हणालो, "मी मुलांना पाचोडच्या आठवडी बाजारात नेतो. मागणी-पुरवठा तिथंच शिकवतो."

धडधडीत खोटं. पाचोड मी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं.

"फोटो?" प्राचार्यांनी विचारलं.

"मोबाईल बदलला, सर."

"हरकत नाही. या खेपेला मीच येतो."

म्हणून जावं लागलं. अकरा विद्यार्थी आणि मी भाड्याच्या जीपमध्ये कोंबून, प्राचार्य स्वतःच्या गाडीत, सोबत कॉलेजचं बॅनर. बकऱ्यांच्या बाजारात दोन बाभळींना ते बांधलं, तेव्हा एका म्हातारीनं विचारलं, "काय फुकट वाटनार हाय का?" प्राचार्यांनी बॅनरपुढं उभं राहून दूरवर बोट दाखवलं. फोटो निघाले. पंधरा मिनिटांत प्राचार्य परतले, कारण शहरात गुलमंडीच्या बाजारपेठेत त्यांच्या बाईसाहेब खरेदीला थांबल्या होत्या.

मी मागणीच्या वक्ररेषेवर बोलायला सुरुवात केली. बकऱ्या माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलत होत्या. तेवढ्यात एक मुलगी पुढं आली. शेवटच्या बाकावरची, दोन वर्षांत तिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता.

"सर, इथं भाव तोंडानं नाय सांगत," ती म्हणाली. "तिकडं बघा."

दोन माणसं टॉवेलखाली हात घालून उभी होती. बोटं दाबून भाव ठरत होता, शेजारच्याला कळू नये म्हणून. तिच्या घरचे मेंढरं राखणारे. वडिलांबरोबर ती लहानपणापासून या बाजारात यायची. तिनं आम्हाला दातांवरून बकरीचं वय बघायला शिकवलं. मग म्हणाली, "दुपारनंतर इकनारा नरमतो. बकरी माघारी न्यायची तर जीपवाला तिचं बी भाडं घेतो. घेनाऱ्याला ते ठावं असतंय. म्हणून तो मुद्दाम चहा पीत बसतो."

हा धडा मी दरवर्षी तीन तास लिहून देतो. त्यात कुणी चहा पीत नाही. मी खिशातलं पेन काढलं आणि लिहून घेऊ लागलो.

"वर्गात कधी बोलली का नाहीस?"

"तुमी बकरीचं कधी इचारलंच नाय, सर."

मुलं हसली. मीही हसलो, पण परतीच्या वाटेवर जीपमध्ये लिहून घेतलेलं पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

पुढच्या बुधवारी मी तिला विचारभोजाला घेऊन गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं, "मी खोटं बोललो होतो. बाजारात मी पहिल्यांदाच गेलो, आणि शिकवलं हिनं."

"हे इतिवृत्तात नको," प्राचार्य लिहून घेणाऱ्याला म्हणाले.

ती आधी अडखळली, मग दहा मिनिटं सलग बोलली. रसायनशास्त्राच्या मॅडम तर जेवायचंच विसरल्या. शेवटी वाणिज्यच्या सरांनी विचारलं, "छान आहे, पण यात साधनांचा वापर कुठं झाला?"

"टॉवेल हाय की, सर."

मॅडमना हसताना ठसका लागला.

समिती आली. अहवालात छापलं होतं: 'मा. प्राचार्यांच्या प्रेरणेतून बाजार-अध्यापन. लाभार्थी विद्यार्थिनी: एक.' सोबत दूरवर बोट दाखवणाऱ्या प्राचार्यांचा मोठा फोटो. समितीतल्या एका सद्गृहस्थांनी तो निरखून पाहिला आणि उपक्रमाचं फार कौतुक केलं. समिती गेली, त्यानंतरच्या बुधवारी ग्रंथालयाला कुलूप होतं.

ती मुलगी आता एम.ए.ला आमच्याकडेच आहे. दुसऱ्या बाकावर बसते आणि मला अडवते. परवा मी बाजारातल्या पूर्ण स्पर्धेची व्याख्या सांगत होतो. ती उभी राहिली. "सर, सगळ्यांना सगळा भाव ठावा असतो, असं लिवलंय. हे कुण्या गावचा बाजार बघून लिवलंय?"

"मला ठाऊक नाही," मी सांगून टाकलं, आणि उरलेला तास आम्ही सगळे मिळून तो बाजार कुठं सापडेल यावर भांडलो.