विहीणबाईंचा घोटा

आमच्या विहीणबाई ज्याच्यावर चढल्या नाहीत असा धोंडा कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून उरला नसेल, आणि उरलाच असेल तर तो घरंगळत जाऊन कुठंतरी लपून बसला असेल. मी वाढवून सांगतेय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. माझ्या लेकीच्या सासूबाई या. खालापूरकडच्या शाळेत जन्मभर पोरांना गणित शिकवलं, निवृत्त झाल्या, आणि ज्या वयात आम्ही बाकीच्या बायका गुडघ्याला तेल चोळत बसतो त्या वयात या बाई गुडघा धोंड्याला टेकवून वर जायला लागल्या. अंगानं म्हणाल तर काडी, माझ्या निम्म्यानंही भरणार नाहीत. पण आवाज असा, की त्या नुसत्या "हं" म्हणाल्या तरी मागच्या बाकावरचं पोर उठून उभं राहावं. मी तर त्यांच्या पुढ्यात अजूनही पाय पसरून बसत नाही.

या प्रकाराला बोल्डरिंग म्हणतात हेही मला त्यांनीच सांगितलं. दोर नाही, खिळे नाहीत. पुरुष-दीड पुरुष उंचीचा धोंडा, पायांना चिमटा काढणारे रबरी बूट, हाताला खडूची भुकटी आणि खाली एक जाड गादी. पडलं तर गादीवर पडायचं. मी विचारलं, "न गादीच्या भायेर पडलं तर?" त्या म्हणाल्या, "तर उत्तर चुकलं." आणि चहा प्यायला लागल्या.

पहिल्यांदा त्या आमच्या कडावच्या घरी आल्या त्या माझ्या लेकीला बघायला. पोहे झाले, चहा झाला, लेकीचं शिक्षण बरोबरच्या मंडळींनी विचारून झालं, आणि विहीणबाई आपल्या खिडकीतून सारख्या परसाकडं बघतायत. आमच्या परसात वालाच्या वाफ्यापलीकडं एक काळा धोंडा आहे, माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून तिथं ठाण मांडून बसलेला. शेवटी त्यांनी बशी खाली ठेवली आणि त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला, "तो मागचा धोंडा तुमच्या हद्दीत येतो का?" आमचे हे एकदम सावरून बसले. मला डोळ्यांनी खुणावलं. आम्हांला वाटलं, झालं, जमीन मागतायत. ह्यांनी जपून सांगितलं, "हाय आमच्यातच, पन भावाचा पन हिस्सा हाय त्याच्यात."

"मग भावाला विचारायला लागेल का?"

"कशाला?"

"चढायला."

पदर खोचला, चपला काढल्या, आणि मी "अवो जपून" म्हणेपर्यंत बाई वर. तिथं मांडी घालून बसल्या, चारी बाजूंची भातखाचरं निवांत बघितली आणि वरूनच म्हणाल्या, "स्थळ चांगलं आहे." माझी लेक मागच्या दारात हसून हसून खाली बसली. लग्न तिथंच ठरलं म्हणायचं.

पुढं त्यांच्या एकेक तऱ्हा कळत गेल्या. कुठला नवा धोंडा दिसला की त्या लगेच हात लावत नाहीत. आधी समोर उभ्या राहतात, हात मागं बांधून, पाव तास, अर्धा तास. मधेच बोटं हवेत हलतात. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं बाईंचं काही हरवलंय. विचारलं तर म्हणतात, "वाचतेय." मग पिशवीतून दात घासायचा ब्रश काढून धोंड्याच्या खाचा घासतात, आणि चढून-उतरून झालं की खडूचे पांढरे डाग ओल्या फडक्यानं पुसून टाकतात, फळा पुसल्यासारखे. पुढच्या तासाच्या मास्तरांना त्रास नको, म्हणे. एकदा भिवपुरीहून येताना त्यांनी भरली रिक्षा मधेच थांबवली आणि एक धोंडा वाचायला उतरल्या. रिक्षातले सगळे गप बसून राहिले. कुणी हूं की चूं केलं नाही. रिक्षावाला त्यांचा विद्यार्थी निघाला, तो तर खाली उतरून उभाच राहिला.

अशा बाई गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला पडल्या. धोंड्यावरून नव्हे. कर्जत स्टेशनसमोर टमटममधून उतरताना. एका हातात कोथिंबिरीची जुडी, दुसऱ्या हातात छत्री, आणि पाय पडला तो खड्ड्याच्या काठावर. उजवा घोटा असा वळला की आतली शीर फाटली आणि हाडाला बारीकशी चीर गेली. मी बघायला गेले तर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. दुखण्याचं त्यांना काही नव्हतं. लाज वाटत होती.

"कशानं पडले ते कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या.

"मग काय सांगू?"

"नुसतं 'पडल्या' म्हणा. लोक आपोआप धोंडा समजतील."

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेक-जावई बंगळूरला. तेव्हा प्लास्टर निघाल्यावर मी त्यांना आमच्या बैठ्या घरी घेऊन आले. मुलाची आई सुनेच्या माहेरी येऊन राहते म्हटल्यावर आळीत दोन दिवस कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंनी ओटीवर बसून आळीतल्या सगळ्या पोरांचे पाढे तपासले, तेव्हा कुजबुज करणाऱ्या आयांना दुसरे विषय सुचले.

व्यायाम शिकवायला कर्जतहून एक डॉक्टरीण यायची, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं सांगितलं, पाय अधांतरी धरून अंगठ्यानं हवेत अक्षरं काढा, म्हणजे घोटा सगळीकडून फिरेल. तिला वाटलं दहा-बारा अक्षरं काढतील. बाईंनी पहिल्याच दिवशी क पासून ज्ञ पर्यंत काढली, आणि ळ नीट आला नाही म्हणून तेवढा पुन्हा काढला. मी चौथीही पुरी केलेली नाही. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून स्वतःच शिकले. त्यामुळं कुठंही अक्षर दिसलं की माझी नजर जातेच. मी भाजी निवडता निवडता त्यांच्या अंगठ्याकडं बघायची. एका सकाळी मी म्हटलं, "विहीणबाई, तुमी 'चहा' लिवलंत." त्या वळून माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "इतकं गचाळ अक्षर वाचलंत? मग टाका आधण." त्यानंतर दोन आठवडे आमच्या घरात पायानं निरोप यायचे. 'पंखा.' 'खिडकी लावा.' एकदा ह्यांचं राजकारणावर बोलणं लांबलं तेव्हा 'पुरे.' ते मी ह्यांना वाचून दाखवलं नाही.

डॉक्टरणीनं जाताना एक मात्र स्पष्ट सांगितलं. चाला, टेकाड चढा, हरकत नाही. पण हा घोटा त्याच जागी पुन्हा वळला तर ऑपरेशन, आणि त्याच्यानंतर धोंड्यांचं नाव काढायचं नाही, कधीच. विहीणबाईंनी मान डोलावली. आणि संध्याकाळी माझ्याकडं रेघांची वही मागितली.

मला वाटलं हिशेब लिहितील. त्यांनी पाठाचं टाचण काढलं, मास्तर लोक शिकवायच्या आधी काढतात तसं. ती वही माझ्याकडं आहे. घटक: नदीकाठची सहल, हलकी. विद्यार्थी: उजवा घोटा. पूर्वज्ञान: विद्यार्थ्यास सपाटीवर चालता येते. उद्दिष्ट: विद्यार्थ्यास स्वतःविषयी विश्वास वाटावा. साहित्य: गादी, पाणी, केळी, विहीणबाई. नियम एकच, खाली दोन रेघा मारून: जिथून पावलापावलाने उतरता येईल तेवढेच चढायचे. उडी नाही. मी म्हटलं, "साहित्यात मी गादीच्या न केळ्यांच्या बराबर?" त्या म्हणाल्या, "महत्त्वाच्या क्रमानं नाही लिहिलं." त्या घोट्याशी त्या अगदी ढ पोराशी बोलावं तशा बोलायच्या. ओरडणं नाही, घाई नाही. परसातल्या धोंड्याला हात टेकून एका पायावर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आज दहा. जमले तर दहा. नाही जमले तर उद्या." मी माझ्या लेकरांना वाढवताना एवढा धीर दाखवला असता, तर ती कुठल्या कुठं गेली असती.

गादी मी शिवली. जुन्या सोफ्याचा फोम, त्याच्यावर दोन गोधड्या, बाहेरून भात झाकायची ताडपत्री. मग माझी शिकवणी. चढणाऱ्याच्या खाली हात वर करून उभं राहायचं आणि तो पडलाच तर त्याला गादीकडं ढकलायचं, हे माझं काम. त्या ओट्यावर बसून माझ्या अंगावर लोड फेकायच्या. मी आपली प्रेमानं कवटाळून धरायची.

"झेलायचं नाही, विहीणबाई. वळवायचं. झेललंत तर दोघी मोडू."

"अंगावं येतंय ते आपसूक धरलं जातं वो."

"पुन्हा."

आमचे हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "तू त्यांच्याखाली सापडलीस तर गादीच लागायची नाय. तू हायस की." दहाव्या लोडाला मला वळवायला जमलं. बाई "हं" म्हणाल्या. एवढं कौतुक माझं आयुष्यात थोड्यांनीच केलंय.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, त्या कुणाचंच ऐकत नाहीत गं. तू अडव. तू विहीण आहेस, तुझा शब्द मोडणार नाहीत." मी म्हटलं, "आमी नदीवं हवा खायाला चाललोय." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण फोन ठेवल्यावर मी गादीची शिवण पुन्हा एकदा ओढून बघितली. तो घोटा वळला असता तर तो माझ्या हाताखाली वळला असता.

पेज नदीला भिवपुरीच्या वीजघराचं पाणी येतं, म्हणून हिवाळ्यातही ती वाहती असते. काठाला मोठमोठे धोंडे. पहिला छातीएवढा, त्या चढल्या आणि उतरल्या. दुसरा जरा उंच, तोही झाला. दर वेळी खाली आल्यावर घोटा दाबून बघायच्या आणि वहीत खूण करायच्या. तिसरा तो जाड पाठीचा, बसल्या म्हशीसारखा, आम्ही त्याला म्हैसच म्हणतो. दर हिवाळ्यात त्या तिच्या माथ्याला हात लावून येतात. टाचणात लिहिलं होतं: माथ्यास स्पर्श, त्याच वाटेने परत. मी गादी सरकवली, हात वर केले.

त्या गेल्या तशा गेल्या, मी बघतच राहिले. पाल भिंतीवर जाते तसं नव्हे, त्याच्यापेक्षा शांत. जणू त्या दगडात कुणी आधीच त्यांच्या मापाच्या जागा करून ठेवल्या होत्या आणि त्या आपल्या एकेक घेत होत्या. पावलं माझ्या कपाळाच्या उंचीला आली. माथा राहिला एक हात. फक्त उजव्या पायाच्या बोटांवर जोर देऊन अंग उचलायचं. आणि तो पाय थरथरायला लागला. शिवणयंत्राची सुई चालते तसा, माझ्या डोळ्यांसमोर.

खरं सांगते, मी मनात म्हणत होते, घ्या, आता एवढंच राहिलंय, घ्या. नुसता हात लांबवायचा होता. त्यांनी हात वर नेलाही. माथ्याच्या खाली वीतभर तो थांबला. मग त्यांनी तो परत घेतला, पहिल्या जागी ठेवला आणि म्हणाल्या, "याला नाही येत आज." आवाजात राग नाही, काही नाही.

पण उतरायचं तर त्याच पायावर यायला हवं होतं, आणि खालची जागा त्यांना दिसत नव्हती. चढताना दगड नाकासमोर असतो, उतरताना तो पोटाखाली जातो. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुम्हांला एक गाठीसारखा उंचवटा दिसतोय का? उजवीकडं?"

"दिसतोय. तुमच्या पावलाच्या वीतभर खाली. जरा आत."

"सांगत राहा."

"अजून खाली. अजून. आता आत घ्या. तिथंच."

पाऊल टेकलं. थरथर होतीच. त्यांनी भार टाकला नाही. तशाच थांबल्या, दोन्ही हातांवर, डाव्या पायावर. बोटं पांढरी पडली होती. मला लोड आठवले, वळवायचं, झेलायचं नाही, आणि माझ्या लक्षात आलं की आता मला काही म्हणजे काही आठवणार नाही, मी सरळ मिठी मारणार. वरून हळू आवाज आला, माझ्याशी नव्हे. "सावकाश. कुणी उभं नाही राहिलंय घाई करायला." किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पलीकडच्या काठाला एक बाई कपडे धूत होती, तिचं सगळं धुणं आपटून झालं. मग थरथर कमी झाली, थांबली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो घोटा पुढं झाला आणि त्यांनी सगळा भार त्याच्यावर टाकला. त्यानं तो घेतला. पुढच्या दोन पावलांत बाई गादीवर. मी त्यांना धरलंच.

मी जन्मभर माणसांना वर जाताना बघून थक्क होत आले. मुलं परीक्षेत वर गेली, शेजाऱ्यांचे मजले वर गेले. हातभर राहिलेलं सोडून कुणी इतक्या सन्मानानं खाली येताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पाण्याकाठी बसलो. आमच्यात लग्नात वरमाईचे पाय धुवायची रीत आहे. लेकीच्या लग्नात मी परात-तांब्या घेऊन त्यांच्यापुढं बसले, तर त्यांनी पाय पाटाखाली ओढून घेतले होते. "माझे पाय मी कुणाच्या हातात देत नाही," म्हणाल्या होत्या. आमच्याकडच्या बायका कितीतरी दिवस घुश्शात होत्या, मलाही ते लागलं होतं. त्या दिवशी नदीवर त्यांनी बूट काढला, मोजा काढला, आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. घोटा थोडा फुगला होता. मी ओंजळीनं पाणी घालत राहिले.

"वर काय हाय हो त्या म्हशीच्या?" मी विचारलं.

"काही नाही. वाळकं गवत. आणि वाटीएवढा एक खळगा." त्या धोंड्याकडं बघत होत्या. "त्यात कधी कधी पाणी असतं."

"यंदा नाय तर पुढच्या हिवाळ्यात बघाल."

"बघू," त्या म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना सत्तरावं लागेल. पाणी गार होतं, घोटा गरम होता. त्यांनी पाय काढून घेतला नाही, आणि मीही उठायची घाई केली नाही.