लाईन सगळ्यात शेवटी

टायपिस्टबाईंची बोटं कचेरीत नावाजलेली होती. साहेबांचं वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत ते कागदावर उतरलेलं असायचं. साहेबांचं व्याकरण चुकलं तर बाई गुपचूप सुधारायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत साऱ्या कचेरीला सांगून हसायच्या. निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत त्यांना झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. जीभ तेवढी वाचली, तीही पूर्वीच्याच धारेची.

"नको तो भाग शाबूत राहिला, असं वाटत असेल तुम्हाला," त्या नवऱ्याला म्हणायच्या.

नवरा पेपरचं पान उलटायचा. म्हणजे वाटत असावं.

तो कारखान्यात फोरमन होता. लेक सोडून सगळे, अगदी बाईसुद्धा, त्याला फोरमनच म्हणत. निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्याने गच्चीवर सोलर पॅनेल बसवली, जिन्याखाली बॅटरी ठेवली आणि भिंतीवरच्या इन्व्हर्टरला हुकूम सोडला. आधी ऊन, मग बॅटरी, आणि बॅटरी पार तळाला गेली तरच बाहेरची, वीज कंपनीची लाईन. मग खुर्ची टाकून तो त्या छोट्या पडद्यासमोर बसे. लाईनच्या खुणेशेजारी शून्य दिसलं की त्याचा चेहरा खुले. बायकोच्या खोलीत त्याचा चेहरा असा खुललेला कुणी पाहिला नव्हता.

बाईंच्या अंगाखाली हवेची गादी होती. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला पंप तिच्या नळ्यांत आळीपाळीने हवा भरायचा, म्हणजे पाठीचा एकच भाग सारखा दबून राहू नये. वीज गेली की पंप थांबायचा, गादी हळूहळू बसायची आणि बाई खालच्या फळीला टेकायच्या. स्वतःहून कूस बदलणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं, आणि आया सकाळ-संध्याकाळ तासभरच यायची.

ऊन होतं तोवर निभावलं. पुढे आभाळ भरून राहायला लागलं. बॅटरी धड भरायची नाही, आणि जी भरायची ती फोरमन दुपारपर्यंत संपवून टाकायचा. नंतर सगळा भार लाईनवर, आणि त्या दिवसांत लाईन जाऊ लागली.

"अहो फोरमन, गादी बसली."

"येईल लाईन."

"आणि बॅटरी?"

"संपली."

"लाईन गेली तर उपयोगी पडावी म्हणून ठेवलीय ना ती? लाईन असताना कशाला संपवता?"

"तुला नाही कळायचं त्यातलं," फोरमन म्हणाला आणि पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसला.

सुट्टीच्या दिवशी लेक आली. आईचं अंग पुसताना तिला माकडहाडापाशी चिघळलेली जखम दिसली. ती तशीच उठून बाहेर आली.

"बाबा, हे सेटिंग बदला. आधी ऊन, मग लाईन. बॅटरी भरलेली राहू दे, लाईन जाईल तेव्हासाठी."

"लाईनवर जगायचं तर एवढं सगळं बसवलं कशाला?"

"आईची पाठ सडतेय, बाबा!"

लेकीने स्वतःच बटणं दाबून सेटिंग बदललं. तिची स्कूटर कोपऱ्यावर वळते न वळते तोच इन्व्हर्टरची बटणं पुन्हा वाजली. बाईंनी पडल्या पडल्या ऐकलं.

"बदललंत ना परत?"

"तू पड निवांत."

बाई लेकीला काही बोलल्या नाहीत. सांगितलं असतं तर नोकरीवर पाणी सोडून ती इथे येऊन बसली असती, आणि बापाच्या हट्टापायी लेकीचाही जन्म मातीत घालायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी दुसरंच ठरवलं.

आजूबाजूच्या घरांतले चारपाच जण एका संध्याकाळी फोरमनची यंत्रणा बघायला आले. तो रंगात आला होता. "बघा, लाईनकडून जवळजवळ काहीच घेत नाही मी!" तेवढ्यात आतून हाक आली.

"अहो, पाहुण्यांना आत पाठवा. अर्धं बघून कसे जातील?"

मंडळी संकोचत आत गेली. खोलीतल्या वासानेच पुढचे दोघे थबकले. बाई आयाला म्हणाल्या, "वळव मला. पट्टी काढ."

आया घुटमळली. "काढ म्हणते ना!"

जखमेत मूठ मावली असती. एका शेजारणीने तोंडावर हात धरला. "लाईन घेतली नाही की हे असं होतं," भिंतीकडे तोंड करून बाई म्हणाल्या. फोरमनने पुढे होऊन चादर ओढली. एक गृहस्थ घसा खाकरत म्हणाले, "हे... युनिटचे आकडे मोबाईलवरही दिसतात का हो?"

"दिसतात की!" फोरमन म्हणाला. "या, दाखवतो." आणि सगळे सुटल्यासारखे त्याच्या मागे बाहेर गेले.

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की आया घाबरली.

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. जखमेतलं विष रक्तात उतरलं होतं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "हवेची गादी होती ना? मग एवढं कसं झालं?" फोरमन म्हणाला, "आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही हो." आया दाराशीच उभी होती. तिने लेकीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. लेक आईपाशी धावली तेव्हा बाईंची शुद्ध हरपली होती. बोलणाऱ्या बाई एक शब्दही न बोलता गेल्या.

सगळं आटोपल्यावर लेकीने गादी आणि पंप उचलून नेला. ती पुन्हा त्या घरात आली नाही. मग एका सकाळी फोरमननेच तिला फोन केला. आवाजात उत्साह होता.

"अगं, आता बॅटरी सकाळपर्यंत पुरते! पंप गेला ना. लाईन लागतच नाही."

पलीकडे लेक डबा पिशवीत भरत राहिली.

"हॅलो? ऐकतेयस ना?"

लेकीने फोन न कापता टेबलावर उताणा ठेवला आणि ती कामावर निघून गेली. रिकाम्या खोलीत फोरमनचा आवाज बराच वेळ आकडे सांगत राहिला.