सुमनताईंचे प्रामाणिक ‘न्हाई’

सुमनताईंची नि माझी पहिली भेट मिरजेतल्या आमच्या औषधशास्त्र विभागात झाली. मी तिथली जुनी प्राध्यापिका. त्या साताऱ्याकडच्या खेड्यातून येऊन नव्याने रुजू झालेल्या. विभागप्रमुखांनी विचारले, “संशोधन कशावर?”

“ॲडहीजन रिसेप्टरवर.”

“मिरजेत बसून? मुलांकडून डोस पाठ करून घ्या, बास.”

“तेही घेईन की,” ताई शांतपणे म्हणाल्या. तेव्हा हसलेल्यांपैकी काही जण आज ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळावर आहेत. त्यांनी एवढे वाक्य वगळू नये.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये मला गुळमुळीत बोलायला शिकवले नाही, म्हणून ताईंचे काम सरळच सांगते. ॲडहीजन रिसेप्टर ही पेशीच्या अंगावरची प्रथिने. त्यांचा लांब हात बाहेर शेजाऱ्याला धरून असतो, दुसरे टोक पेशीच्या आत. हात ओढला गेला की आत निरोप जातो. तो नको तेव्हा गेला, तर आजार. नेमका तेवढाच निरोप थोपवणारे औषध अजून बाजारात नाही. ताईंची उमेदीची वर्षे त्या शोधात गेली.

त्यांची खरी ओळख मला पटली ती तंबोरे करणाऱ्या दोघा भावांमुळे. धाकट्या युनूसने घासकामाचे मशीन धरले की त्याचे हात सुजत. थोरला त्याला दुकानातून काढायला निघाला होता.

“आवं मॅडम, ह्येला काम नको हाय. मशीन दिसलं की सुजतोय गडी.”

थरथरीने अंग सुजण्याचा असा विकार परदेशात एका कुटुंबात आढळला होता आणि त्याचे मूळ याच जातीच्या एका रिसेप्टरमधल्या बिघाडात निघाले होते. ताईंनी युनूसचे रक्त तपासायला पाठवले. तोच बिघाड निघता तर ताईंचा शोधनिबंध गाजला असता. तो निघाला नाही. आमच्यातल्या एकाने सुचवले, “‘शक्यता दिसते’ असं लिहा. अनुदान सुटेल.”

“न्हाई ते न्हाई,” ताई म्हणाल्या.

थोरल्याला मात्र जोर चढला. “बघा, रगत साफ हाय. नाटकच निघालं.”

ताईंनी औषध हाताशी ठेवून युनूसचा हात नळ्या हलवण्याच्या यंत्रावर धरला. थोड्याच वेळात तो टरारून सुजला.

“आता तुमचा ठेवा.”

“माझा कुठं सुजतोय?”

“तेच म्हणते. तुमच्या हातानं त्याचा हात मापू नका.”

थोरला खाली बघत म्हणाला, “मग रगतात का न्हाई गावत?”

“ते मला अजून कळलेलं न्हाई. माझं अज्ञान हाय ते, त्याचा गुन्हा न्हाई.”

प्राध्यापकाच्या तोंडून हे वाक्य मी साऱ्या नोकरीत दुसऱ्यांदा ऐकले नाही. थोरला युनूसला म्हणाला, “चल. नक्षी तुझी, मशीन माझं. चहा मातुर तूच आणायचा.”

युनूस अजून तपासणीला येतो आणि विचारतो, “मॅडम, गावलं का?” ताई म्हणतात, “न्हाई, हुडकतेय.” ताईंची साठी झाली म्हणून त्यांच्याकडे प्रयोगशाळेची किल्ली मागायला जे पुढे सरसावले आहेत, त्यांनी हे उत्तर युनूसला स्वतः द्यायची तयारी ठेवावी.

ताईंची नजर, गुडघे आणि जिद्द शाबूत राहोत, त्यांना भरपूर निरोगी आयुष्य मिळो. काम अर्धे झाले आहे, आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावे असा माणूस मला तरी दिसत नाही.